छावणीतल्या मिठाच्या विटा

बीड, १६ मे २०१९

प्रिय शहादेव यास,
राधाकिशनचा रामराम.

तुझ्या थोरल्या भावाचं, धोंडीराम आण्णांचं, रक्तातलं सोडियम आज सकाळी एकशे अठरा निघालं. तीन दिवसांपूर्वी ते एकशे बारा होतं. इथल्या डॉक्टर शिवकन्या यांनी दोन्ही आकड्यांना दुजोरा दिला आहे. धडधाकट माणसाचं एकशे पस्तीसच्या वर असतं. म्हणजे धोका टळलेला नाही, पण आकडा चढतो आहे, आणि सकाळी आण्णांनी चहा पाणचट असल्याची तक्रार केली. वहिनींनी त्या तक्रारीचं पेढे वाटावेत असं कौतुक केलं.

तू फोन उचलत नाहीस म्हणून पत्र. पत्ता तुझ्या लेकीकडून घेतला. तिला बोलू नकोस. इस्लामपूरला उसाच्या रोपवाटिकेत तुझं बरं चाललं आहे असं ती म्हणाली.

क्रमानं लिहितो. तीन एप्रिलला आण्णा जनावरांच्या दुष्काळी छावणीत चाऱ्याच्या ट्रॉलीवरून मागं पडले. डोक्याला तीन टाके पडले, संध्याकाळी ते पुन्हा छावणीत हजर. तू तेव्हा म्हणाला होतास, 'आण्णाचं डोकं फुटत न्हाई, ट्रॉली बघा फुटली का.' आपण सगळेच हसलो होतो.

त्यानंतर त्यांना तहान लागायला लागली. तांब्यावर तांब्या. आणि तासातासाला लघवी. टँकरच्या दिवसांत दूध संस्थेचा चेअरमनच एवढं पाणी पितो म्हणून वहिनींना गावात तोंड दाखवायची लाज वाटायची. जेवायला बसले की मीठ मागायचे. सात वर्षांपूर्वी बीपी निघाल्यापासून वहिनींनी त्यांचं मीठ तोडलंय हे तुला ठाऊकच आहे. त्या घरात मिठाची बरणी दागिन्यांसारखी कुलपात असते. 'डोक्याला लागलं म्हणून जिभंचे चोचले कावून?' असं म्हणून त्यांनी किल्ली कमरेला लावली.

मग तीन मेची दूध संस्थेची सभा. तू सभासद म्हणून उभा राहिलास आणि एवढंच विचारलंस, की संस्थेच्या छावणीत जनावरांपुढं टांगायच्या मिठाच्या चाटण विटा नऊ दिवसांत अकरा कशा संपल्या. त्यावर सख्ख्या भावानं खुर्चीतून तुझ्याकडं बोट केलं: 'ह्यो कोण हाय? आपल्या गावचा न्हाई. भायेर काढा ह्याला.' लोकांना वाटलं चेअरमननं टोला मारला. लोक हसले. दोघांनी तुझ्या दंडाला धरून तुला बाहेर नेलं आणि दुसऱ्या दिवशी सकाळच्या गाडीनं तू गेलास.

तू गेल्यानंतरचं आता ऐक. आठ तारखेला आण्णांनी बैलाला म्हशीच्या नावानं हाक मारली. जवळच्या एका डॉक्टरांकडं नेलं. त्यांनी रक्त तपासलं, सोडियम कमी निघालं, आणि सांगितलं की अंगात पाणी जास्त झाल्यानं मीठ पातळ झालंय, दिवसात एक लिटरच्या वर पाणी देऊ नका. आपल्या गावाला एवढंच हवं होतं. पाणी कमी प्या हा सल्ला दुष्काळात जेवढा पाळला जातो तेवढा कुठलाच पाळला जात नाही. वहिनी मापानं द्यायच्या, आणि शेजारणी माप बरोबर आहे का बघायच्या. पाच दिवसांत आण्णा सुकले. तेराला सकाळी अंगणात आकडी आली. मी आणि संस्थेतल्या उत्तरेश्वरनं त्यांना जीपमध्ये घातलं.

काल शुद्धीवर आल्यापासून ते तुझं नाव घेत आहेत. 'शहादेव कावून येईना?' वहिनी विषय बदलतात. तू यावंस असं मला वाटतं. हे मी बातमीदार म्हणून नाही, तुझा वर्गमित्र म्हणून लिहितो.

तुझा,
राधाकिशन


बीड, २३ मे २०१९

प्रिय शहादेव,

आजचा आकडा एकशे सव्वीस. मुद्दाम सावकाश चढवतायत. एकदम चढवला तर मेंदूला इजा होते असं डॉक्टर म्हणाल्या, म्हणून वहिनींनी आणलेली खाऱ्या शेंगदाण्यांची पुडी त्यांनी काढून घेतली आणि अर्धी स्वतः खाल्ली.

तुझं कार्ड मिळालं. एकच ओळ: 'मीठ कमी पडलं म्हणून माणूस भावाला परका म्हणतो काय?' प्रश्न रास्त आहे. मी तो जसाच्या तसा डॉक्टरांपुढं ठेवला.

या डॉक्टर लिंबागणेशकडच्या. आईबाप उसतोडीला जायचे, या उसाच्या फडातच वाढल्या. बोलतात मोजकं. त्यांनी माझ्याच वहीचा कागद फाडून घेतला, वर डोकं काढलं, खाली दोन किडन्या काढल्या.

'काका, अंगातलं मीठ किती ठेवायचं न किती लघवीतून सोडायचं, ते काम किडनीचं. पण किडनी एकटी ठरवत नाही. वरून मेंदू निरोप धाडतो. काही निरोप मज्जातंतूंमधून जातात, काही रक्तातून. रक्तातल्या निरोपाला हार्मोन म्हणायचं. एक हार्मोन सांगतं, पाणी धर. एक सांगतं, मीठ सोड. डोक्याला मार बसला, आत थोडं रक्त साचलं, की कधीकधी 'मीठ सोड' हा निरोप थांबतच नाही.'

मी म्हणालो, 'म्हणजे धरणाच्या दरवाज्यावरच्या माणसाला वरून सारखा फोन येतोय, सोड, सोड. खाली गाळ उघडा पडला तरी.'

'तसंच. आणि मीठ गेलं की त्याच्यामागं पाणी जातं. म्हणून तहान, म्हणून सारखी लघवी.' नेमकं कुठलं हार्मोन किती दोषी, यावर अजून अभ्यास चालू आहे, हेही त्यांनी प्रामाणिकपणे सांगितलं.

'मग पहिल्या डॉक्टरांनी पाणी का तोडलं?'

'दोन दुखण्यांचा रिपोर्ट सारखाच दिसतो. एकात पाणी साचतं म्हणून मीठ पातळ होतं, तिथं पाणी तोडायचंच असतं. दुसऱ्यात मीठ आणि पाणी दोन्ही निघून जातं, तिथं दोन्ही द्यायचं असतं. फरक कळतो तो माणूस ओला आहे का कोरडा यावरून. जीभ बघायची, कातडी बघायची, उभं करून बीपी बघायचं.'

'जीभ तर कोरडीच होती.'

'काका, यंदा तुमच्या आष्टी तालुक्यात ओली जीभ कुणाची आहे?'

 पहिल्या डॉक्टरांना दोष द्यायचा माझा विचार तिथंच मावळला.

आता तुझ्या प्रश्नाचं उत्तर. त्या म्हणाल्या, 'सोडियम उतरलं की माणूस चिडतो, बरळतो, ओळखीचं तोंड अनोळखी वाटतं. सभेच्या दिवशी ते किती होतं हे मी सांगू शकत नाही, कुणी तपासलं नव्हतं. पण पाच दिवसांनी एवढं कमी निघालं, म्हणजे त्या दिवशीही उतरलेलं असणार.' मग थोडं थांबून म्हणाल्या, 'भावाला सांगा, त्यांनी ओळखूनसवरून हाकललं नसावं. बहुतेक ओळखलंच नाही.'

शहादेव, मला तर हे अपमानापेक्षा जास्त लागलं.

राहिल्या विटा. गावाला संशय होता तशा त्या कुणी विकल्या नाहीत. आण्णांनी खाल्ल्या. छावणीत म्हशी सांभाळणाऱ्या भिवराबाई काल भेटायला आल्या होत्या, त्यांनी डॉक्टरांसमोर सांगितलं. रोज उजाडताना आण्णा यायचे, इकडंतिकडं बघायचे, आणि तिसऱ्या दावणीची वीट उतरवून कडाकडा चावायचे.

'तुम्ही काही बोलला नाहीत?' डॉक्टरांनी विचारलं.

'काय बोलू बाई? चेअरमन हायेत. मला वाटलं मोठ्या मान्सांचं कायतरी औषध आसंल. वीट उष्टी करून परत टांगायचे, मग माझी म्हैस त्वांड लावंना, रोज नवी टांगाया लागायची. म्हणून मी त्यांच्यासाठी येक येगळी टांगली. आमच्या म्हशीच्या शेजारी. कुणाला कळलं न्हाई.'

डॉक्टर हसून खुर्चीतून उठल्या. जनावरांच्या विटेत तांबं-जस्तही असतं, माणसानं ती खाऊ नये, हे त्यांनी भिवराबाईंना दोनदा बजावलं. मग म्हणाल्या, 'पण खरं सांगायचं तर महिनाभर तेवढ्यावरच तगलेत ते. मीठ कमी पडलं की मेंदूच मिठाची भूक लावतो. कचेरीसारखं आहे, एक खिडकी मीठ बाहेर फेकतेय, दुसरी मीठ मागतेय, आणि दोन्ही खिडक्या एकाच डोक्याच्या.'

आण्णा डोळे मिटून पडले होते. आम्हाला वाटलं झोपलेत. ते म्हणाले, 'आपल्या संस्थेगत हाय की मग.'

ये. जागा आहे. माझ्या भाच्याच्या खोलीवर उतरता येईल.

राधाकिशन


बीड, २९ मे २०१९

प्रिय शहादेव,

एकशे तेहतीस. परवा सुट्टी मिळेल असा डॉक्टरांचा अंदाज आहे. डोक्यातलं रक्त आपोआप विरघळतंय, चिरायची गरज नाही. मिठाच्या गोळ्या आणि किडनीला मीठ धरून ठेवायला लावणारी एक गोळी चालू राहील. बीपीची गोळी सध्या बंद. वहिनींनी बरणीची किल्ली कमरेची सोडून डॉक्टरांच्या टेबलावर ठेवली आणि म्हणाल्या, 'सात वर्सं मी ह्यांचा जीव राखला, आन ह्यो महिना मीच घ्यायला निघाले व्हते.' डॉक्टर म्हणाल्या, 'सात वर्षं बरोबरच होतात. किल्ली ठेवा जवळ, पुढं लागेल.'

तुझं दुसरं कार्ड आलं. 'बरे आहेत वाचून बरे वाटले. येण्याचे प्रयोजन दिसत नाही.' एवढं शुद्ध तू शाळेतही लिहिलं नाहीस.

आण्णांना मी काल सगळं सांगितलं. वहिनी म्हणाल्या, 'तुमीच सांगा भाऊ, तुमचा धंदाच हाय तो.' सभेचं त्यांना काहीही आठवत नाही. त्यांच्या लेखी तू अजून छावणीच्या कडेला कडबा रचतो आहेस. मी बातमी सांगावी तसं सांगितलं, तारीख, वेळ, काय बोलले.

आण्णांनी माझ्याकडं मान वळवली.

'दंडाला कुणी धरलं?'

'उत्तरेश्वरनं. आणि बद्रीनाथनं.'

'शहादेवनं हिसका मारला आसंल.'

'नाही. गुमान गेला.'

हे ऐकून त्यांचा चेहरा पडला. तू भांडला असतास तर त्यांना सोपं गेलं असतं.

'आन तू काय करत व्हतास?'

'लिहून घेत होतो.'

'शाबास,' ते म्हणाले, आणि कूस बदलली.

शहादेव, आता मला माझं लिहायचं आहे. दोन पत्रं मी ते टाळलं. विटा गायब झाल्याची बातमी माझी होती हे तुला माहीत आहे, त्याबद्दल तू कधी बोलला नाहीस. पण भिवराबाईंनी आण्णांचं विटा खाणं मला एक मे रोजीच सांगितलं होतं. सभेच्या दोन दिवस आधी. मला ते इतकं गमतीचं वाटलं की मी ते रविवारच्या पुरवणीसाठी राखून ठेवलं. दोन तारखेला स्टँडवर चहा घेताना तू विचारलंस, 'सभंत इचारू का नको?' मी म्हणालो, 'विचार. भावानंच विचारलं की गावाची शंका फिटते.' माझा हिशेब असा, की तू विचारशील, आण्णा लाजतील, 'मीच खाल्ल्या' म्हणतील, सभा हसेल, आणि मला शेवट मिळेल. तू बाहेर जाताना माझ्याकडं बघितलंस. मी वहीत बघत होतो.

म्हातारा माणूस जनावराची वीट का खातो, हा प्रश्न मला पडायला हवा होता. मला मथळा पडला. त्याच दिवशी दवाखान्यात नेलं असतं तर आकडी आली नसती, हे डॉक्टर म्हणाल्या नाहीत. मी विचारलंही नाही.

तेव्हा रागवायचं असेल तर माझ्यावर रागव, मी आष्टीतच असतो. आण्णांवर रागवायला माणूसच जागेवर नव्हता.

आणखी एक गोष्ट, आणि ही तातडीची. संस्थेची पुढची सभा पंधरा जूनला, शनिवारी, दुपारी दोन वाजता लागली आहे. आश्रुबा सचिव ऐकेल ते लिहितो, हे तू जाणतोस. मागच्या सभेचं इतिवृत्त मी काल बघितलं. त्यात असं आहे: 'सभेत बोलणाऱ्या बाहेरगावच्या अनोळखी इसमास मा. अध्यक्षांच्या आदेशावरून सभेबाहेर काढण्यात आले.' मी म्हणालो, 'आश्रुबा, अरे शहादेवच्या मांडीला मांडी लावून जेवतोस तू.' तर म्हणाला, 'चेअरमन म्हणले अनोळखी. मी माझ्या मनानं नाव कसं घालू? उद्या तपासणी आली म्हंजे?'

हे पंधराला वाचून कायम होणार. कुणी हरकत घेतली नाही तर संस्थेच्या दप्तरी तू कायमचा बाहेरगावचा. उत्तरेश्वर म्हणतो, कागदाला काय धरून बसायचं. मला तसं वाटत नाही. मी आयुष्यभर पाहिलंय, लोक विसरतात आणि कागद राहतो.

राधाकिशन


आष्टी, ७ जून २०१९

प्रिय शहादेव,

तुझ्या पत्रातल्या शिव्या मिळाल्या. सगळ्या वाजवी आहेत. एक मला नवी होती, ती इस्लामपूरकडची असावी. शेवटच्या ओळीत तू गुरुवारी तेराला येतोस असं आहे, तेवढं मी वहिनींना वाचून दाखवलं. त्यांनी वरचंही वाचायला सांगितलं. मी वाचलं. त्या म्हणाल्या, 'बरोबर लिव्हलंय भावजींनी.'

आण्णा एकतीसला घरी आले. आजचा आकडा एकशे अडतीस. इथल्या लॅबनं दिला आणि डॉक्टर शिवकन्यांनी फोनवर बघून हो म्हटलं. तहान माणसासारखी झाली आहे. कालवणात मीठ पडतं. पहिल्या दिवशी त्यांनी एक घास खाल्ला आणि वहिनींना म्हणाले, 'सात वर्सांनी तुझ्या हातची चव कळली, चांगली हाय.' वहिनींनी आणखी एक भाकरी वाढली. तुझ्या इस्लामपूरचा ऊसही त्या बोलण्याएवढा गोड नसेल.

मीही माझं काम केलं. पहिली बातमी ज्या पानावर होती त्याच पानावर, तेवढ्याच जागेत, विटांचा खुलासा दिला. आण्णांनी नाव घालू दिलं. 'घाल,' म्हणाले, 'न्हाईतर लोक भिवराबाईच्या म्हशीवर घेतील.' आता छावणीत लोक त्यांना हटकतात, 'चेअरमन, आज कंच्या दावणीला?' ते म्हणतात, 'तुझ्या शेजारीच हाय जागा.'

तुझ्या शिव्यांखाली एक प्रश्न होता, आण्णा आता काय म्हणतात. परवा त्यांच्या ओट्यावर हेच बोलणं निघालं. उत्तरेश्वर समजूत घालायला गेला: 'आण्णा, ते तुमी न्हाई बोललात. ते मीठ बोललं. हार्मोनचा खेळ. शहादेवला तसंच सांगू.'

आण्णा त्याच्यावर उखडले. 'मिठाला त्वांड असतंय का बे? त्वांड माझं व्हतं. ऐकणाऱ्याला लागलं ते माझ्याच तोंडचं लागलं. डागदरीन बाईनं कारण सांगितलं ते मला कळलं. पण कारण सांगायला न्हाई बोलवत मी त्याला.'

'मग कशाला बोलवताय?'

'सभंत काढला ना? मग सभंतच घ्यावा लागंल. घरी गळ्यात पडून काय उपेग? गावानं तर भायेर जातानाच बघितला.'

म्हणून असं ठरलं आहे. पंधराला आण्णा अध्यक्षाच्या खुर्चीत बसणार नाहीत. उपाध्यक्ष म्हणून बद्रीनाथ बसेल. तो घाबरला आहे, कारण दंड धरणाऱ्यांत तोही होता. इतिवृत्त वाचून झालं की आण्णा सभासद म्हणून उभे राहतील आणि दुरुस्ती सुचवतील. 'बाहेरगावच्या अनोळखी इसमास' हे शब्द काढून तिथं तुझं पूर्ण नाव, वडिलांच्या नावासकट, आणि पुढं 'अध्यक्षांचे धाकटे बंधू, ज्यांचा प्रश्न योग्य होता' असं घालायचं. शेवटचे चार शब्द त्यांनी स्वतः सांगितले. आश्रुबा म्हणाला, इतिवृत्तात योग्य-अयोग्य लिहायची पद्धत नाही. आण्णा म्हणाले, 'पद्धत माझ्यावर सोड, तू शाई बघ.'

दुरुस्तीला अनुमोदक लागतो. मी सभासद नाही. उत्तरेश्वर तयार होता, पण भिवराबाई आडव्या आल्या: 'ह्यांच्या उष्ट्या विटा मी झाकल्या, आन मान तुला व्हय?' रोज दोन लिटर दूध घालतात, रीतसर सभासद आहेत, कुणाला नाही म्हणता आलं नाही. बावीस वर्षांत त्या सभेत एकदाही बोललेल्या नाहीत. सध्या शेण काढताना 'माझं अनुमोदन हाय' असं मोठ्यानं म्हणून बघतात. म्हशी कान टवकारतात.

मग तू उभा राहायचंस आणि तोच प्रश्न पुन्हा विचारायचास. विटा कुठं गेल्या. आण्णांना उत्तर द्यायचं आहे. तुला अवघड वाटत असेल तर आधी सांग, पण मला वाटतं तू विचारावंस. या वेळी मी तुला हे सांगताना काही राखून ठेवलेलं नाही.

डॉक्टरांची एक अट आहे. शुक्रवारी, चौदाला सकाळी पुन्हा रक्त तपासायचं. आकडा एकशे पस्तीसच्या खाली असला तर सभा नाही, सरळ बीड. आण्णांना अट मान्य आहे. त्यांचं म्हणणं, 'भरल्या सोडियमचाच शब्द पायजे. नंतर कुणी म्हणायला नको, बरळला म्हणून.'

तुझी गाडी गुरुवारी चारच्या सुमारास आष्टी स्टँडवर येते. आण्णा स्वतः येणार म्हणतात. उन्हात त्यांना उभं राहू द्यायचं नाही असं वहिनींनी मला बजावलं आहे, तेव्हा आम्ही कँटीनच्या सावलीत बसलेले असू. शुक्रवारी अकरापर्यंत आकडा कळेल. डॉक्टरांना तो एकशे छत्तीसच्या आसपास अपेक्षित आहे. शनिवारी दोनला सभा. दुरुस्ती एकमतानं मंजूर होईल असं दिसतं. विरोध करणारं अजून कुणी पुढं आलेलं नाही.

तुझा,
राधाकिशन